सुट्टी न घेणारा सेल

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य म्हणजे "सेल मेला". बोलतात बाबा, आणि इतक्या मोठ्यांदा बोलतात की खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "आणला का गं सेल?" कानाच्या मशीनमधला सेल संपला की बाबांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. मग ते पूर्वी कारखान्यात प्रेसच्या खडखडाटात बोलायचे तसे बोलायला लागतात.

बाबांचं सगळं आयुष्य भोसरीच्या शेडमध्ये गेलं. फिटर होते. कान पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसने खाल्ले आणि छाती फाउंड्रीच्या, ओतकामाच्या धुळीने. दोन्हींबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती फक्त त्या सेलबद्दल. निळ्या स्टिकरचे, शर्टाच्या बटणाएवढे सेल असतात ते. स्टिकर काढलं की आत हवा शिरते, सेल जागा होतो आणि त्याच क्षणापासून संपायलाही लागतो. जेमतेम आठवडाभर चालतो. मग पुन्हा मला सांगायचं, मी ऑफिसमधून येताना पिंपरीत उतरायचं, कानाच्या मशीनच्या दुकानातून नवं पाकीट आणायचं. मला त्याचं काहीच नाही, पण बाबांच्या मनाला ते मागणं लागतं. सेल संपल्यावर ते एक-दोन दिवस सांगतच नाहीत. मी काहीही विचारलं तरी "व्हय, व्हय" म्हणून मान हलवतात. "बाबा, गॅस बंद केला का?" "व्हय, व्हय." दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलेलं असतं.

त्याआधी सेल जिवंत करण्याचे सगळे प्रयोग होतात. सेल खिडकीत उन्हात ठेवतात. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात, अंगाची ऊब मिळावी म्हणून. एकदा मी त्यांना तो दाढेखाली धरताना पकडलं आणि घर डोक्यावर घेतलं. माझा स्वभाव तसा तापटच आहे, हे मी लपवत नाही. पण त्या माणसाला ओरडून काय उपयोग? सेल तर त्यांच्या तोंडात होता. ते माझ्याकडे बघून गोड हसले.

बाबांच्या आणखी एका सवयीबद्दल आधीच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्या घरात पूजाअर्चा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण त्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी बाबा कधी चुकवत नाहीत. हळद-कुंकू ते लावत नाहीत, नारळ फोडत नाहीत, आरतीला मागे उभे राहतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की मशीनला वर्षातून एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याच्यावर कुणी हात टाकायचा नाही. हा त्यांचा धर्म म्हणा हवं तर. आणि हे ते घरातसुद्धा पाळतात. खंडेनवमीला भिंतीवरच्या घड्याळाचा सेल निघतो. मिक्सरचा प्लग निघतो, त्या दिवशी चटणी पाट्यावर. आणि कानाच्या मशीनचाही सेल निघतो, कारण मशीन म्हटलं की मशीन. तो काढून ठेवलेला सेल दिवसभर बशीत नाहीतर खिशात पडून आतल्या आत संपतच असतो, हे मला माहीत होतं. पण मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

मी स्वतः भोसरीतच एका छोट्या कंपनीत टेस्टिंग बघते. आम्ही सेन्सर बनवतो. चाकणकडच्या कारखान्यांत मोठमोठ्या पंखे-मोटारींना ते चिकटवायचे, मोटार जास्त थरथरायला लागली की सेन्सर कळवतो. माल चांगला आहे. डोकेदुखी फक्त बॅटरीची. कुरुळीच्या पुढे एका कारखान्यात आमचे सेन्सर छताजवळच्या पंख्यांवर बसवलेले आहेत. तिथली बॅटरी बदलायची म्हणजे लाइन बंद करा, शिडी लावा, परवानगी घ्या, आणि वर चढलेला माणूस धड खाली येईपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून धरा. म्हणजे दिवसभर ऑफिसात सेल मेला, आणि घरी आल्यावरही सेल मेला.

आमचे मालक माझ्याच वयाचे. तरुणपणी ते बाबांच्या हाताखाली कानशीने लोखंड घासायला शिकलेले. त्यामुळे बाबांना ते "काका" म्हणतात आणि दर खंडेनवमीला आठवणीने बोलावतात. गेल्या वर्षी ते परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले. आल्या आल्या मला केबिनमध्ये बोलावलं आणि खिशातून एक छोटी प्लास्टिकची डबी काढली. आत स्पंजमध्ये काही गोल चकत्या. दिसायला अगदी बटण सेलसारख्या, जरा जाड.

"ताई, हे पन्नास वर्षं चालतात," ते म्हणाले.

"पन्नास वर्षं काय चालतं हो?"

"न्यूक्लिअर आहेत," ते म्हणाले, आणि हा शब्द उच्चारताना उठून केबिनचं दार लावलं. त्या दार लावण्यानेच मी सावध झाले. अभिमानाची गोष्ट माणूस दार उघडं ठेवून सांगतो.

मी कागद विचारले. कसली परवानगी, कुणी दिली, विमानातून कसं आणलं. ते म्हणाले, "सॅम्पल आहे हो. सॅम्पलला कसले कागद? त्या लोकांनी तसेच दिले हातात." मी म्हटलं, "उद्या कुणी विचारलं तर?" ते म्हणाले, "कुणाला कळणारे?" मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. बाहेरची पोरं काचेतून बघायला लागली तेव्हा थांबले. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही फक्त एकदा लावून बघा, मग आपण रीतसर करू सगळं."

मग मी वाचायला बसले. त्या चकतीत निकेलचा पातळ पत्रा असतो, पण नेहमीच्या निकेलचा नाही. हा निकेल आपणहून सतत बारीक कण फेकत राहतो. शेजारी एक चिप असते, ती हे कण झेलते आणि त्यातून वीज तयार होते, घराच्या छतावरचं सोलर पॅनल ऊन झेलतं तशीच. ऊन मात्र चकतीच्या आत कोंडलेलं, आणि ते कधी मावळत नाही. वीज नावालाच. त्यावर साधा टॉर्चचा दिवा लागायचा नाही. पण थेंब थेंब साठवून ठेवली तर सेन्सर मधूनच एकदा जागा होऊ शकतो, लाल दिवा लुकलुकवू शकतो, खबर पाठवून परत झोपू शकतो. चकती नीट बंद असेल तर ते कण तिचा बाहेरचा पत्राही ओलांडून येत नाहीत. धोका एकच, ती चकती फुटली आणि आतलं काही पोटात किंवा छातीत गेलं तर.

त्यात एक शब्द सारखा येत होता. शाळेत शिकलेला, पण तेव्हा नुसता पाठ केलेला. अर्धायुष्य. त्या निकेलचं अर्धायुष्य साधारण शंभर वर्षं. म्हणजे शंभर वर्षांनी त्याचा जोर निम्मा होणार, संपणार तेव्हाही नाही. मी आयुष्यभर मेलेल्या बॅटऱ्यांची तक्रार केली, आणि आता न मरणारी हातात आली तर मला ती टेबलावरसुद्धा नको झाली होती.

तरी मी ती लावली. हातमोजे घालून, चिमट्याने, एका सेन्सरमध्ये. दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने परत लुकलुकला. आम्ही बनवत असलेल्या प्रत्येक वस्तूला बंद करायचं काहीतरी असतं, याला नव्हतं. जेवायला उठले, परत आले, तो लुकलुकतच होता. मी त्याच्यावर कापड टाकलं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला कंपनीच्या शेडमध्ये नेहमीसारखी तयारी होती. झेंडूची तोरणं, मशीनना हळद-कुंकवाची बोटं, टेबलावर पान्हे, पकडी, व्हर्निअर मांडून ठेवलेले. आणि त्यांच्या मधोमध मालकांनी हौसेने तो सेन्सर ठेवला होता, त्याला झेंडूचं एक फूल वाहून. मी त्यांच्याकडे रागाने बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मालकांनी छोटं भाषण केलं. आपली कंपनी कुठल्या कुठे जाणार, हा सेल म्हणजे उद्याची गोष्ट, एकदा बसवला की पन्नास वर्षं बघायला नको, बदलायला नको, कुणाकडे मागायला नको. मी बाबांकडे बघत होते. ते डोळे बारीक करून ऐकत होते. 'मागायला नको' या शब्दांवर त्यांनी मान हलवली.

मग कुणीतरी मेन स्विच खाली केला. भोसरीत एरवी शांतता म्हणजे काय ते माहीत नसतं. त्या दिवशी मात्र शेजारच्या शेडमधली प्रेसही बंद असते, पलीकडचं ग्राइंडिंगही बंद असतं, आणि झाडावरचे कावळे ऐकू येतात. बाबांनी नेहमीप्रमाणे कानामागचं मशीन काढलं, त्याचं इवलं दार उघडून सेल खिशात टाकला आणि हात जोडून नव्हे, बांधून उभे राहिले.

त्यानंतर मालक म्हणाले, "आणि ऐका रे, तो सेन्सर कुणी उघडायचा नाही. आतल्या सेलला हात लावायचा नाही. ती साधी वस्तू नाहीये." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही ऐकलं. बाबा माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनी ऐकलं नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. सगळ्या शेडमध्ये तो एकटा दिवा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते.

आरती झाल्यावर बाबांनी त्या दिव्याकडे बोट दाखवून मोठ्यांदा विचारलं, "ह्ये का चालू हाय?"

मालक हसले, हातवारे करत म्हणाले, "काका, ते बंदच होत नाही!"

बाबांना काय कळलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "आज त्याला बी सुट्टी द्या की!" सगळे हसले, मीसुद्धा हसले. पेढे वाटले, लोक बाहेर मंडपात बसायला गेले. बाबा जरा मागे रेंगाळले. म्हातारा माणूस, जुन्या हत्यारांकडे बघत उभा होता. कुणाला काही वाटलं नाही.

दसऱ्यानंतर कामावर गेले. सेन्सर कुणीतरी परत माझ्या टेबलावर आणून कापडाखाली ठेवला होता. कापड उचललं, तर दिवा लुकलुकेना. बराच वेळ वाट बघितली. मग सेन्सर उघडला. सेलची जागा रिकामी होती.

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलं हलवली, कपाटं ओढली, झाडणाऱ्या मावशींना विचारलं, कचऱ्याची पोती अंगणात उलटी केली. मला सारखी भीती वाटत होती की ती चकती कचऱ्यातून भंगारात गेली, आणि तिथे कुणीतरी तांब्याच्या आशेने ती हातोडीने फोडणार. मालकांना मी सांगितलं, आता सरकारला कळवा. ते म्हणाले, "ताई, दोन दिवस थांबा, सापडेल. कळवलं तर शेडला टाळं लागेल, ही सगळी पोरं रस्त्यावर येतील." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मी थांबायला नको होतं असं आता कुणीही म्हणेल. मी तरी कुठे गप्प बसले होते? रोज भांडत होते, आणि रोज शोधत होते.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मी बघत होते, पण तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. त्या आठवड्यात बाबांनी सेल मागितला नाही.

रविवारी दुपारी मी बाजारातून भाजी घेऊन आले. दार उघडलं तर बाल्कनीतून घासण्याचा आवाज. कानशीचा आवाज. तो मी झोपेतही ओळखेन, लहानपणी तो ऐकतच मी अभ्यास केलाय. मोठा हात, मग उलटा हलका हात, मग थांबून फुंकर. भोसरीतल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, एखादी वस्तू जागेवर बसत नसेल तर तो नवी आणा म्हणणार नाही. तो म्हणेल, घासून बसवू. बाबांनी आयुष्यभर तेच केलं, घासून बसवलं.

मी बाल्कनीत गेले. बाबा पाटावर बसले होते. मांडीवर जुना पेपर पसरलेला, त्यावर पक्कड, कानस आणि राखाडी बारीक कीस. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांनी कानाचं मशीन माझ्यापुढे धरलं. त्याचं इवलं दार अगदी नीट, एका रेषेत बंद झालेलं होतं.

"बसला बग," ते ओरडून म्हणाले. "लई जाड व्हता. कडंनं घासला. आता पन्नास वरसं तुला तरास न्हाई!"

मग त्यांनी मशीन कानाला लावलं, थोडा वेळ ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "बोलत मातुर न्हाई," ते म्हणाले. बोलणार कसं? तेवढ्या विजेवर कानाचं मशीन चालत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी परत पेपर उचलला आणि त्यावरचा कीस उडवायला गाल फुगवले.

मी किंचाळले. "बाबा, नको! श्वास घेऊ नका! खाली ठेवा ते!" भाजी हातातून पडली. पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. ज्या सेलमुळे ऐकू यायचं तो कानात नव्हता, आणि जो होता त्याच्यापासूनच मला त्यांना सोडवायचं होतं. मी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या जन्मात मी त्यांच्या अंगावर अशी धावून गेले नव्हते. ते घाबरले, मागे भिंतीला टेकले. मग माझे डोळे बघून त्यांना वाटलं की मी चोरीबद्दल चिडलेय.

"चोरला न्हाई गं," ते म्हणाले, हळू बोलतोय असं समजून, पण ओरडूनच. "सुट्टी दिली व्हती त्याला. परत द्येनारच व्हतो. म्हनलं आदी बगावा बसतो का."

मी तिथेच बसून रडले. मग उठले. ओल्या फडक्याने पेपर गुंडाळला, कानस, पक्कड, मशीन, सगळं पिशवीत घालून वर आणखी एक पिशवी. बाल्कनी ओल्या फडक्याने पुसली, ते फडकंही पिशवीत. बाबांना आंघोळीला घातलं, नाक शिंकरायला लावलं, गुळण्या करायला लावल्या. मी खुणेने सांगेन तसं ते सगळं करत होते. शेवटी मी ड्रॉवरमधून नेहमीचा सेल काढला, स्टिकर सोललं, त्यांचं जुनं मशीन शोधून त्यात घातला आणि त्यांच्या कानाला लावलं. ते जुनं मशीन शिट्टी मारतं, पण ऐकू येतं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "मी तर लई फुकलं."

संध्याकाळी मालक आले. वेल्डिंगचे एक्स-रे काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी किरणोत्सर्ग मोजायचं मीटर आणलं होतं. बाल्कनीवर धरलं, पिशवीवर धरलं, बाबांच्या छातीवर धरलं. मीटर गप्प. मालक अक्षरशः खाली बसले. "काही नाही ताई! बघा, काही नाही!" बाबाही हसले. दुपारपासून पहिल्यांदाच घरात कुणीतरी चहाचं नाव काढलं.

माझं मात्र समाधान होईना. बाबा मालकांशी गप्पा मारत होते तेव्हा मी आत जाऊन पुन्हा वाचलं. त्या निकेलचे कण इतके अशक्त असतात की साध्या मीटरचं कवचसुद्धा भेदून आत जात नाहीत. समोर असले तरी मीटरला कळत नाही. म्हणजे मीटरही बहिरं. बाबांसारखंच "व्हय, व्हय" म्हणून मान हलवत होतं. मी चहा न करताच बाहेर आले आणि मालकांना सांगितलं की उद्या मी स्वतः कळवणार आहे, तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाही तर एकटी. ते चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली येऊन उभे राहिले, ही त्यांच्याबद्दल चांगली गोष्ट.

सरकारी खात्यातली दोन माणसं आली. शांत, कामापुरतं बोलणारी. त्यांनी फरशी, रेलिंग, बाबांचा पाट, सगळ्यावरून पुसायच्या कागदाच्या छोट्या चकत्या फिरवल्या आणि एकेक वेगळ्या पिशवीत भरल्या. बाबांची लघवी तपासायला नेली. कंपनीतली डबी नेली. मालकांना नोटीस आली, बरेच दिवस खेटे घालावे लागले. शेड बंद पडली नाही. नंतर आम्हाला कळवलं गेलं ते असं: पेपरवर सापडलं, कानशीच्या दातांत सापडलं, फरशीवर थोडं. बाबांच्या अंगात गेलं आहे, पण फार नसावं. त्यांच्या वयाचा विचार करता काळजीचं कारण नसावं.

नसावं. दोन्हीकडे नसावं. मी त्या साहेबांशी फोनवर वाद घातला. "नाही म्हणा, नाहीतर आहे म्हणा. नसावं म्हणजे काय?" ते बिचारे शांतपणे म्हणाले, "मॅडम, यापेक्षा पक्कं मी सांगितलं तर ते खोटं होईल." मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. त्यात जुने ठिपके होते, फाउंड्रीचे. त्यांत नवं काही मिसळलं असलं तरी फोटोत दिसणार नाही, असं ते म्हणाले.

बाबा पूर्वीही खोकायचे. आता ते खोकले की मी हातातलं काम थांबवते. तो जुना खोकला की दुसरा, हे कान देऊन ऐकते. स्वयंपाकघरातून, बाथरूममधून, शेजाऱ्यांशी बोलतानासुद्धा. कधी ते खोकत नाहीत तेव्हाही थांबते. पुसून पुसून बाल्कनीच्या फरशीचा रंग गेला आहे, तरी मी तिथे कपडे वाळत घालत नाही. ती कानस परत मिळाली नाही. बाबांनी तिच्याबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि हे मला त्यांच्या खोकल्याइतकंच टोचतं.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "त्यो किती वरसं चालतो म्हनलीस?"

मी टाळत होते. त्यांनी परत विचारलं. मग मी अर्धायुष्य समजावून सांगितलं. शंभर वर्षांनी निम्मा, मग आणखी शंभरांनी त्याच्या निम्मा. ते भाकरी मोडत ऐकत होते.

"म्हंजी मी गेल्यावर बी त्यो चालूच?"

"फार थोडा, बाबा. अगदी थोडा."

"पर चालू," ते म्हणाले. नंतर बऱ्याच वेळाने, हात धुताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मंग जाळल्यावर धूर कुनाच्या नाकात जाईल गं?" मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही वळून बघितलं नाही. सेल त्या दिवशी चांगला चालू होता, त्यामुळे मी गप्प राहिले हे त्यांना नक्की कळलं.

यंदा खंडेनवमीला मालकांनी पुन्हा बोलावलं. बाबा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. घड्याळाचा सेल काढून ठेवला होता, मिक्सरचा प्लग काढला होता. रिक्षाने आम्ही दोघं पोचलो. शेडवर तोरण लागलं होतं, टेबलावर हत्यारं मांडली होती, या वेळी लुकलुकणारं काही नव्हतं. मालक पुढे आले, बाबांचा हात धरून म्हणाले, "या काका, तुमच्यासाठीच थांबलोय." मग त्यांनी मेन स्विच खाली केला. कावळे ऐकू यायला लागले.

बाबांनी उंबऱ्यावर उभं राहूनच कानाचं मशीन काढलं, सेल खिशात टाकला. पण आत आले नाहीत. मालकांनी हाताने खुणावलं, पोरांनी खुणावलं. मी आत होते, मीही खुणावलं. ते तिथेच उभे राहिले. त्यांनी उजवा हात शर्टाच्या खिशावर ठेवला. मला वाटलं सेल चाचपताहेत. सेल पँटच्या खिशात होता, हात छातीवर.

"म्या हितंच थांबतो," ते म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे त्या बंद शेडच्या पार मागच्या भिंतीपर्यंत प्रत्येकाला तो ऐकू गेला. "आज चालू असलेलं काय बी आत आनायचं नसतंय."

पोरांनी खुणावणारे हात खाली घेतले. मी त्यांच्याकडे गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि बोलू लागले, तेव्हा त्यांनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली. माझ्या पर्समध्ये निळ्या स्टिकरचं नवं पाकीट होतं. पण त्या दिवशी बाबा कुठलाच सेल घालणार नव्हते.